बसलेल्याला खो

जालना हे नाव एक असलं तरी गावं दोन. मधून कुंडलिका नदी. एका अंगाला जुना जालना, दुसऱ्या अंगाला नवा जालना. जुनी माणसं नव्या जालन्याला अजून कादराबाद म्हणतात. सराफा, मोठा बाजार, कापडाची दुकानं सगळी नव्या जालन्यात. रेल्वे स्टेशन, गांधी चमन, आनंदी स्वामींचं मंदिर जुन्या जालन्यात. आमच्यासारखी खेड्यातली माणसं बाजाराला नव्या जालन्यात जायची आणि आषाढी एकादशीला आनंदी स्वामींच्या दर्शनाला जुन्या जालन्यात. मी मात्र तीन वर्षं रोज जुन्या जालन्यात गेलो, कारण माझं हायस्कूल तिथं होतं. आठवी, नववी, दहावी. माझं शिक्षण तेवढंच.

त्या तीन वर्षांत वर्गात काय शिकलो ते कुणी विचारलं तर लवकर सांगून होतं. मैदानावर काय शिकलो ते मात्र अजून पुरतंय.

आमचं गाव अंबड रस्त्याच्या आत, जुन्या जालन्यापासून अडीच कोसांवर. गावात शाळा चौथीपर्यंत. पाचवी ते सातवी ओढ्यापलीकडच्या गावात. त्याच्या पुढं शिकायचं तर जालना. तेव्हा जालना जिल्हाही नव्हता, औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. जिल्हा झाला तो १ मे १९८१ला. तोवर मी पक्का शेतकरी झालो होतो.

१९७२चा दुष्काळ पडला तेव्हा मी सातवीत. आमच्या पिढीच्या हाडात तो दुष्काळ अजून आहे. विहिरी आटल्या, बैलं मातीमोल गेली, सगळं गाव दुष्काळी कामावर गेलं. दादा आणि बाई पाझर तलावाच्या कामावर होते. आमच्या घरात वडलांना दादा आणि आईला बाई म्हणायची रीत. खायला बाहेरदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि पोरांना वाटायची सुकडी. त्या साली गावातल्या बऱ्याच पोरांची शाळा सुटली, ती सुटलीच. दादांनी माझी सोडली नाही. ते म्हणाले, "जिमिनीनं तर दगा दिला, आता अक्षराचं बघू."

माझ्या पाठची बहीण माझ्याहून वर्षानं लहान. तिची शाळा चौथीतच थांबली होती. पाचवीच्या गावाला जायचं तर ओढा ओलांडायचा, आणि पोरीची जात. तेव्हा सगळेच असं म्हणायचे आणि म्हणणाऱ्याला त्यात काही वावगं वाटायचं नाही.

जून १९७३मध्ये आठवीत नाव घातलं. पायात काही नाही, पिशवीत दोन वह्या, फडक्यात भाकरी आणि ठेचा. वर्गात साठेक पोरं. पुढच्या बाकांवर गावातली, म्हणजे व्यापाऱ्यांची, कारकुनांची, मास्तरांची. मागं आम्ही खेड्यातली. असं बसा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, पण पाणी जसं उताराला जातं तसे आम्ही आपोआप मागं जाऊन बसलो. इंग्रजीच्या तासाला मान खाली. गुरुजींनी प्रश्न विचारला की नजर पुढच्या तीन बाकांवर फिरायची आणि तिथंच उत्तर मिळायचं. मागं बसलेल्याला कोण उठवणार? महिना-दीड महिना झाला तरी आम्हाला आमच्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. गावाच्या नावावरून हाका मारायचे, "ए अमक्या वाडीच्या" म्हणून.

आम्हाला नावानं पहिली हाक मारली ती पीटीच्या सरांनी.

शाळेच्या मागं मैदान होतं. अर्धी काळी माती, अर्धा मुरूम. पावसाळ्यात काळ्या बाजूला पाय घोट्यापर्यंत रुतायचा आणि उन्हाळ्यात तिथंच बोट जाईल अशा भेगा पडायच्या. एका कडेला दोन लिंबाची झाडं. साहित्य म्हणाल तर एक फुटबॉल, त्याची शिवण उसवलेली. एक गोळा. एक रस्सी. क्रिकेटचं सामान गावातली पोरं घरून आणायची. १९७१ साली सुनील गावसकरनं वेस्ट इंडीजमध्ये चार कसोटींत ७७४ धावा केल्या होत्या आणि तेव्हापासून गावातल्या प्रत्येक पोराला आपण गावसकर आहोत असं वाटत होतं. बॅट ज्याची त्याची आधी बॅटिंग, हा नियम. आमच्या वाट्याला कुंपणापलीकडून बॉल आणायचं काम.

पीटीचे सर पन्नाशीचे असतील. अंगानं किरकोळ, आवाज मात्र मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. एके दिवशी तासाला आले, लिंबाखाली उभे राहिले आणि म्हणाले, "रोज पायी येणारे हात वर करा." आम्हाला वाटलं, उशिरा येतो म्हणून बोलणी बसणार. भीतभीत हात वर केले. आठवी-नववीचे मिळून पंधरा-सोळा जण निघालो. सरांनी एकेकाचं नाव, गाव, अंतर वहीत लिहून घेतलं. म्हणाले, "उद्यापासून तुम्ही अर्धा तास आधी यायचं. बाकीच्यांचा सराव मैदानावर सुरू होतो, तुमचा घरून निघाल्यापासून सुरू होतो."

तोवर अडीच कोस चालणं म्हणजे आमची गरिबी होती. सरांनी एका वाक्यात त्याचा सराव करून टाकला.

आम्हाला त्यांनी खो-खोला लावलं. का, ते पुढं कळलं. या खेळाला दोन खांब आणि माणसं लागतात. बॉल नाही, बॅट नाही, बूट नाही, कुणाच्या बापाचं दुकान नाही. खांब लिंबाच्या फांद्या तासून केले. रेषा मारायला फक्की असायची, ती संपली की स्टेशनजवळच्या हॉटेलच्या भट्टीतली राख आम्ही डब्यात भरून आणायचो. राखेच्या रेषा पहिल्या वाऱ्यालाच उडायच्या. मग सर म्हणायचे, "रेषा डोळ्यात ठेवा."

शहरातल्या नव्या पोरांनी हा खेळ टीव्हीवर पाहिला असेल, पण त्यातली गोम सांगतो. पाठलाग करणाऱ्या संघाचे नऊ जण. त्यातले आठ मधल्या पट्टीवर चौकोनात बसलेले, एक इकडं तोंड करून, दुसरा तिकडं. नववा पळणाऱ्यांच्या मागं. पळणारे एका वेळी तीन. पळणाऱ्याला कुठूनही वळता येतं, बसलेल्यांच्या मधून आरपार जाता येतं. पाठलाग करणाऱ्याला तसं नाही. त्यानं एकदा दिशा धरली की खांबाला वळसा घातल्याशिवाय मागं फिरायचं नाही आणि मधली पट्टी ओलांडायची नाही. म्हणजे एकटा माणूस कितीही वेगाचा असला तरी कुणाला धरू शकत नाही. त्याला बसलेल्याच्या पाठीला हात लावून ‘खो’ म्हणावंच लागतं. मग तो उठतो, आणि खो देणारा त्याच्या जागेवर बसतो.

आपल्या भाषेत ‘खो घालणं’ म्हणजे चाललेल्या कामात आडकाठी आणणं. पुढारी खो घालतात, भाऊबंद खो घालतात. खेळात मात्र खो घालायचा नसतो, द्यायचा असतो. आपली धाव दुसऱ्याच्या हवाली करायची आणि आपण खाली बसायचं. सर सांगायचे, "हात आणि आवाज बरोबर. आधी आवाज दिला तर तो हुशार होतो, आधी हात लावला तर तो दचकतो." आणि बसणाऱ्याला सांगायचे, "बसलाय म्हणजे झोपलाय असं नाही. एक पाय पुढं, हाताची बोटं मातीत, नजर समोर, कान मागं. खो कधी मिळंल सांगता येत नाही, मिळाल्यावर तयारी करायला वेळ नसतो."

आम्हा मागच्या बाकावरच्यांना हे न सांगता समजत होतं. आम्ही वर्गात बसलेलेच होतो. फक्त आम्हाला कुणी खो देत नव्हतं.

चार-सहा महिन्यांत गंमत झाली. पुढच्या बाकावरचे दोन-तीन जण संघात आले. चांगली चपळ पोरं होती. पण पट्टीवर बसलं की एका चौकोनात सराफाचा पोरगा आणि शेजारच्या चौकोनात माझ्यासारखा. खो दिल्याशिवाय दोघांचंही भागत नाही. त्यातल्या एकाबरोबर मी पुढं दोन वर्षं डबा खाल्ला. त्याच्या घरची चपाती मी खायची आणि माझी हायब्रीड ज्वारीची भाकरी त्यानं. त्याला ती खरंच आवडायची का मला बरं वाटावं म्हणून खायचा, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.

नववीत असताना, १५ मार्च १९७५ला, क्वालालंपूरला हॉकीच्या विश्वचषकाचा अंतिम सामना होता. भारत-पाकिस्तान. स्टेशनजवळच्या हॉटेलातल्या रेडिओभोवती ही गर्दी. हमाल, टांगेवाले, शाळेची पोरं. आपण २-१नं जिंकलो, विजयी गोल ध्यानचंदांचा मुलगा अशोककुमार याचा. हॉटेलवाल्यानं त्या दिवशी उधारीची वही उघडली नाही. दुसऱ्या दिवसापासून गावाकडं येताना बाभळीच्या वाकड्या फांद्या दिसेनाशा झाल्या, सगळ्यांच्या हॉकीस्टिक झाल्या होत्या. आठ दिवसांत कुणाचं डोकं फुटलं, कुणाची नडगी, आणि आम्ही पुन्हा खो-खोवर आलो.

आता बहिणीचं सांगतो, कारण खरं सांगायचं तर हा लेख तिच्यासाठीच लिहायला घेतला.

मी सकाळी निघताना बऱ्याचदा भाकरीचं फडकं चुलीपाशीच राहायचं. मी गावंदरी ओलांडून, मळा ओलांडून गाडीवाटेला लागलेलो असायचो. मागून हाक यायची, "ए भाऊ, थांब की." मी मुद्दाम थांबत नसायचो. उलट पळायचो. तोवर मी शाळेच्या संघात होतो, पळण्यात मला कुणी ऐकत नव्हतं. आणि दर वेळी अंबड रस्ता लागायच्या आत ती मला गाठायची. अंगात परकर-पोलकं, परकराचा ओचा खोचलेला, एका हातात फडकं. पाठीत धपाटा घालून म्हणायची, "घे तुझी भाकर. उपाशी पळतोस का काय?" आणि दम न लागता माघारी जायची, कारण घरी शेण-झाड राहिलेलं असायचं.

सुगी झाली की खळं मोकळं व्हायचं. खळ्याच्या मधोमध तिवडा. तो एक खांब. दुसऱ्या खांबाच्या जागी आम्ही मेख ठोकायचो. शाळेत शिकलेला खो-खो मी संध्याकाळी गावातल्या पोरांना शिकवायचो. बसायला पोरं-पोरी मिळून आठ जमायचे. घड्याळ कुणाकडंच नव्हतं, म्हणून बसलेले सगळे मोठ्यानं आकडे मोजायचे. माझी बहीण पाठलागाला उठली की गावातलं एकही पोरगं तीसच्या पुढं टिकायचं नाही. मी एकदा एकावन्नपर्यंत टिकलो होतो, पण त्या दिवशी तिच्या पायाला काटा लागलेला होता, हे तिनं मला अजून विसरू दिलेलं नाही. तिवड्याला वळसा घालताना ती एका हातानं तिवडा धरून अंग असं झोकायची की पाय जागेवर आणि तोंड दुसऱ्या दिशेला. शाळेत सरांनी आम्हाला ते महिनाभर शिकवलं होतं. तिला कुणी शिकवलं नव्हतं. विहिरीवरच्या रहाटाला, गोठ्यातल्या दावणीला, अशीच वळत ती मोठी झाली होती.

मी सरांना हे सांगितलं. सर म्हणाले, "शाळेत असती तर घेतली असती." एवढंच. त्यांच्या हातात तरी दुसरं काय होतं?

दहावीच्या वर्षी आमचा संघ तालुक्याला पहिला आला आणि जिल्ह्याच्या स्पर्धेला औरंगाबादला गेला. आता त्या गावाला छत्रपती संभाजीनगर म्हणतात. मी रेल्वेत पहिल्यांदा बसलो तो त्या दिवशी. तेव्हा मीटरगेज होतं. दिनागाव, बदनापूर, करमाड, चिकलठाणा अशी स्टेशनं घेत गाडी रमतगमत जायची आणि खिडकीबाहेर डोकं काढलं की डोळ्यात कोळसा. उतरलो तेव्हा आम्ही बारा जण बारा कोळसेवाल्यांसारखे दिसत होतो. पहिला सामना आम्ही जिंकलो. दुसरा एका गुणानं हरलो. हरल्यावर सरांनी सगळ्यांना एकेक केळं दिलं आणि म्हणाले, "एका गुणानं हरणं म्हणजे पोहोचलात."

आमचा सामना संपल्यावर शेजारच्या मैदानावर मुलींचा सामना सुरू झाला. मुलींचा खो-खो असतो हेच मला माहीत नव्हतं. पांढरे शर्ट, वेण्या दुमडून बांधलेल्या, पायात कॅनव्हासचे बूट. बघायला माणसं होती आणि ती टाळ्या वाजवत होती. मी सवयीनं तोंडातल्या तोंडात आकडे मोजायला लागलो. पाठलाग करणाऱ्या पोरी खांबाला लांबून वळत होत्या. आमच्या खळ्यावर त्यांच्यातली एकही पळती तीसच्या पुढं गेली नसती.

घरी आल्यावर मी हे सगळं बहिणीला सांगितलं. ती जात्यावर होती. तिनं जातं थांबवून ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या पोरी रात्रीच्या कुठं राहत्यात?"

"शाळेतच. त्यांच्या बाई असत्यात संगं."

"आन भाकरी कोण करतं?"

मला उत्तर आलं नाही. मी भाकरीचा विचारच केला नव्हता, तिनं पहिला तोच केला. दादा ओसरीवर बसून ऐकत होते. ते काही बोलले नाहीत. बाई म्हणाली, "तिला कशाला सांगतोस रे पळायचं? तिचं जमायलंय आता."

मार्च १९७६मध्ये मी दहावीची परीक्षा दिली. अकरावीचं मॅट्रिक बंद होऊन नव्या पद्धतीची पहिली दहावी १९७५ला झाली होती, आमची दुसरी खेप. मे महिन्यात बहिणीचं लग्न झालं. तिला तेव्हा पंधरावं पुरं झालेलं. कायद्यानंही तेव्हा मुलीचं वय पंधराच होतं, ते अठरा झालं १९७८ साली. जूनमध्ये माझा निकाल लागला, पास झालो. लग्नाचं देणं डोक्यावर होतं. दादा म्हणाले, "आता रानात एक माणूस लागतंय." मी औत धरलं. एकाच उन्हाळ्यात दोघांचंही मैदान सुटलं. पण माझ्याकडं तीन वर्षांची आठवण होती आणि शाळेच्या शिक्क्याचं एक प्रमाणपत्र, ते ट्रंकेत आहे. तिच्याकडं खळ्यावरचे आकडे, तेही ज्यांनी मोजले ते आता निम्मे राहिले नाहीत.

फार पुढं एका पुस्तकात मी वाचलं की खो-खोला अर्जुन पुरस्कार १९७० साली मिळाला आणि १९७१ साली अचला देवरे या महिला खेळाडूलाही मिळाला. म्हणजे आम्ही खळ्यावर आकडे मोजत होतो त्याच्या आधीच या देशात खो-खो खेळणाऱ्या बाईचा दिल्लीत सत्कार झाला होता. ती बातमी आमच्या गावापर्यंत आलीच नाही. वाट अडीच कोसांचीच होती, पण बातमीला पाय लागतात.

शेतीत मैदान उपयोगी पडतं का, असं माझा मुलगा विचारायचा. पडतं. २०१२चा दुष्काळ घ्या. जालन्याची मोसंबी नावाजलेली, आणि त्या साली बागाच्या बागा वाळून सरपण झाल्या. माझी दोनशे झाडं गेली. तेव्हा मी तीन महिने नुसता बसून होतो. पण सरांनी शिकवलं तसा बसलो होतो, बोटं मातीत ठेवून. पाऊस पडला त्या आठवड्यात सरकी लावली. काही शेजारी रान विकून गेले, त्यांना मी नावं ठेवत नाही. प्रत्येकाच्या दमाची लांबी वेगळी असते.

दमाचं म्हणाल तर मराठवाड्याला तो कमी कधीच नव्हता. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी पाच-सहा किलोमीटर चालत-पळत शाळेला जायचा. सैन्यात गेल्यावर त्याचे पाय कुणीतरी ओळखले. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये रुपेरी पदक घेतलं, पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सोनं. टीव्हीवर ती शर्यत बघताना मला आमच्या सरांची वही आठवली, नाव, गाव, अंतर लिहिलेली. अशी वही प्रत्येक शाळेत असती तर किती अविनाश निघाले असते, आणि त्यातल्या पोरी किती असत्या?

जानेवारी २०२५मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. बहीण तेव्हा माझ्याकडं आली होती. आता ती चौसष्ट वर्षांची, गुडघे गेलेले, जिन्यावर चढताना भिंत धरते. नातीनं मोबाईलवर मुलींचा अंतिम सामना लावला, भारत आणि नेपाळ. खाली गादी अंथरलेली, वर दिवे, माणसं ओरडतायत. आपल्या संघाची कॅप्टन प्रियंका इंगळे, मूळची बीड जिल्ह्यातली. बहिणीनं चष्मा पुसून सामना शेवटपर्यंत पाहिला. आपण जिंकलो, मुलंही जिंकली. ती म्हणाली, "भाऊ, ती पोरगी खांबाला लांबून वळायली. चिकटून वळ म्हणावं." नात हसायला लागली. मी हसलो नाही. पन्नास वर्षांपूर्वी औरंगाबादच्या मैदानावर मला जे दिसलं होतं तेच तिनं मोबाईलच्या काचेत पाहिलं होतं.

ही नात आता आठवीत आहे, तालुक्याच्या गावी शाळेला जाते आणि खो-खो खेळते. मुलींना एसटीचा पास फुकट आहे, ही फार चांगली गोष्ट झाली. पण सराव साडेपाचला सुटतो आणि आमच्याकडची गाडी पाचला निघते. शाळेच्या मैदानाचा अर्धा तुकडा नव्या खोल्यांमध्ये गेला. दहावी जवळ आली की पीटीचा तास गणिताला जातो. आमच्या गावच्या चार पोरी संघात होत्या. गेल्या पावसाळ्यात गाडीच्या पायी त्यातल्या दोघींनी सराव सोडला. त्यांच्या आईबापांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. अंधार पडल्यावर पोरगी रस्त्यावर उभी राहील का, हा प्रश्न माझ्या बाईलाही पडला होता आणि त्यांनाही पडतो.

मी चारही घरी गेलो. सोबत बहिणीला नेलं. मी बोलण्यापेक्षा तिचं बोलणं जास्त चाललं. तिनं भाषण केलं नाही. एवढंच विचारलं, "पोरीला घरी आणायची अडचण हाय ना? दुसरी काही न्हाई ना?" दुसरी कुणाकडंच नव्हती. मग चार घरांनी पाळ्या लावल्या. ज्याची पाळी त्यानं साडेपाचला जाऊन चौघींना आणायचं. कुणाकडं जीप आहे, कुणाकडं छोटा हत्ती. मंगळवार आणि शुक्रवार माझ्याकडं आहेत. शेजारच्या गावाच्या तीन पोरीही आता आमच्याच गाडीत बसतात.

या कामाला सरकारी मंजुरी लागली नाही, पैसेही फार लागत नाहीत. डिझेलचे चौघांत वाटून घेतो. वाचणाऱ्यांपैकी कुणी मास्तर असतील तर त्यांना एक विनंती, वर्गात एकदा विचारा की लांबून कोण येतं, आणि नाव, गाव, अंतर लिहून घ्या. कुणी पालक असतील तर गाडीची वेळ काढून ठेवा. पळणारी पोरं-पोरी आपल्याकडं कधीच कमी नव्हती. बोटं मातीत ठेवून, कान मागं करून ती बसलेलीच आहेत.

मी शुक्रवारी जरा आधीच जातो आणि मैदानाच्या कडेला उभा राहतो. घड्याळ आहे हातात, तरी आकडे तोंडानंच मोजतो. परवा नातीनं खांबाला चिकटून वळसा घेतला आणि समोरची सव्विसाव्या आकड्याला बाद झाली. रात्री बहिणीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "सव्वीस म्हणजे लई झाले. वीसमध्ये झाली पाहिजे."